हाडाच्या आत डोकावताना : त्रिमितीय प्रतिमांवरून स्ट्रेनचे मापन

गेल्या पावसाळ्यात बेळगावातील एक चौसष्ट वर्षांच्या काकू पाठदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. मागील दारी पाण्याने भरलेली बादली उचलण्यासाठी त्या वाकल्या, पाठीत काहीतरी चमकल्यासारखे झाले आणि त्यानंतर त्यांना सरळ उभे राहता येईना. क्ष-किरण चित्रात बाराव्या डॉर्सल मणक्याची पुढची बाजू दबलेली स्पष्ट दिसत होती. त्यांच्या पिशवीत सहा महिन्यांपूर्वीचा डेक्सा तपासणीचा अहवाल होता. टी-स्कोअर उणे १.९, म्हणजे हाडांची घनता कमी, परंतु ऑस्टिओपोरोसिसच्या उणे २.५ या रेषेच्या अलीकडची. अहवाल पाहून घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला होता.

त्यांचे चिरंजीव उद्यमबागेतील एका फौंड्रीत काम करतात. ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडं एखादं कास्टिंग फुटलं की आम्ही ते कापून बघतो, आत पोकळी कुठं होती ते कळतं. आईचं हाड कापता येत नाही हे कबूल. पण तुम्ही एवढे स्कॅन काढता, मग भार पडल्यावर ते आतून कुठं दबणार, हे त्यात आधी का दिसत नाही?"

प्रश्न सरळ होता आणि मला त्या क्षणी त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. 'स्कॅनमध्ये सगळेच दिसत नाही' असे काहीतरी मी बोललो. नंतर मात्र त्या प्रश्नाच्या निमित्ताने बरेच वाचन झाले. भाराखाली असलेल्या वस्तूच्या अंतर्भागात, प्रत्येक बिंदूपाशी किती दाब-ताण होतो, हे वस्तू न कापता मोजण्याची एक पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विकसित झाली आहे आणि तिचा जन्म हाडांच्या अभ्यासातूनच झाला आहे. तिची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. अभियांत्रिकीत भारामुळे वस्तूच्या आत निर्माण होणाऱ्या प्रतिकाराला 'स्ट्रेस' आणि वस्तूच्या आकारात प्रत्यक्ष पडणाऱ्या फरकाला 'स्ट्रेन' म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत यांना अनुक्रमे 'प्रतिबल' आणि 'विकृती' असे शब्द आहेत. परंतु आम्हा डॉक्टरांच्या कानाला विकृती म्हटले की विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी, आठवते. निरोगी हाडातही पाऊल टाकताना 'विकृती' येते असे लिहिले, तर वाचकांचा विनाकारण गोंधळ होईल. म्हणून या लेखात 'स्ट्रेन' हाच शब्द ठेवला आहे.

स्ट्रेन म्हणजे लांबीतील बदल भागिले मूळ लांबी. एक मीटर लांबीची कांब एक मायक्रॉनने आखूड झाली तर तो एक मायक्रोस्ट्रेन. हृदयरोगतज्ज्ञांना हा शब्द परिचित आहे. इको तपासणीत डाव्या जवनिकेचा ग्लोबल लाँजिट्यूडिनल स्ट्रेन साधारण उणे वीस टक्के आला की ते समाधानी असतात. वीस टक्के म्हणजे दोन लाख मायक्रोस्ट्रेन. याच्या शेजारी हाडाचे आकडे ठेवून पाहावेत. चालताना नडगीच्या हाडाच्या पृष्ठभागावर काही शे मायक्रोस्ट्रेन भरतो. १९९६ साली डेव्हिड बर आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसांच्या नडगीवर मापक चिकटवून त्यांना जोमाने पळावयास लावले, तेव्हाही तो आकडा दोन हजारांच्या आतच राहिला. जाळीदार हाड दाबाखाली सात ते दहा हजारांच्या आसपास कायमचे दबू लागते. म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला जेवढे आकुंचन पावते, त्याच्या विसाव्या हिश्श्याइतका बदलही हाडाला सोसत नाही. हृदयाचे स्ट्रेन-मापन नित्याच्या तपासणीत आले आणि हाडाचे अद्याप प्रयोगशाळेतच राहिले, याचे एक मोठे कारण या दोन आकड्यांतील अंतर हे आहे.

हाडाच्या आतील जाळी भाराच्या दिशेनुसार रचलेली असते, ही कल्पना मात्र जुनी आहे. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये कार्ल कुलमान या पुलांच्या अभियंत्याने हेर्मान फॉन मायर या शरीररचनातज्ज्ञाकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. त्यातील रेषा त्याला आपण यारीसाठी काढतो त्या बलरेषांसारख्या वाटल्या. त्यातूनच पुढे १८९२ साली युलिअस वोल्फ यांचा प्रसिद्ध सिद्धान्त पुस्तकरूपाने आला. आपण सर्वांनी तो परीक्षेसाठी पाठ केला. तथापि त्या रेषांच्या ठिकाणी प्रत्यक्षात किती स्ट्रेन असतो, हे वोल्फ यांनी मोजले नव्हते आणि तशी सोयही नव्हती. १९३८ साली अमेरिकेत विद्युत्-रोधावर चालणारा स्ट्रेन गेज निघाला. तो आजही कारखान्यांत सर्वत्र वापरतात. पण तो चिकटवावा लागतो, आणि चिकटवायचा तर पृष्ठभागावरच. जाळीदार हाडात तो घालण्यासाठी भोक पाडले, तर जे मोजावयाचे तेच मोडते.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग निघाला तो मापकाऐवजी प्रतिमेकडे पाहिल्यामुळे. १९८२ पासून साउथ कॅरोलायना विद्यापीठात, वस्तूच्या पृष्ठभागावर ठिपके उडवून, भारापूर्वीचे आणि भारानंतरचे अशा दोन छायाचित्रांची संगणकाने तुलना करण्याची पद्धत विकसित झाली. ठिपक्यांची नक्षी कुठून कुठे सरकली ते शोधावयाचे आणि त्यावरून स्ट्रेन काढावयाचा. इकोमधील स्पेकल ट्रॅकिंग हे याच कल्पनेचे भावंड आहे, तेथेही अल्ट्रासाउंडमध्ये स्नायूत दिसणारे नैसर्गिक ठिपके चौकटीमागून चौकट पाठलाग करून शोधले जातात. ब्रायन बे यांनी १९९५ साली हाडाच्या पातळ कापांच्या क्ष-किरण चित्रांवर हाच प्रयोग केला. हाडाला वेगळे ठिपके उडवावे लागत नाहीत, त्याची जाळी हीच त्याची नक्षी. आणि १९९९ साली बे, टेट स्मिथ, डेव्हिड फायरी आणि मलिक साद यांनी 'एक्सपेरिमेंटल मेकॅनिक्स' या नियतकालिकात ही पद्धत पूर्ण त्रिमितीत मांडली. तिला डिजिटल व्हॉल्यूम कोरिलेशन असे नाव मिळाले.

त्यासाठी लागणारे सूक्ष्म सी.टी. यंत्र आधीच तयार होते, आणि त्याचा इतिहास फौंड्रीतल्या माणसाला आवडेल असा आहे. फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन विभागात ली फेल्डकँप हे सिरॅमिकच्या सुट्या भागांतील बारीक दोष शोधण्यासाठी क्ष-किरण टोमोग्राफीवर काम करीत होते. मिशिगन विद्यापीठातील अस्थिसंशोधकांशी त्यांची गाठ पडली आणि १९८९ साली हाडाच्या जाळीचे पहिले सविस्तर त्रिमितीय मापन प्रसिद्ध झाले. मोटारीच्या सुट्या भागांसाठी तयार झालेले यंत्र असे अस्थिशास्त्राच्या कामी आले.

आता प्रत्यक्ष कृती. मृत्यूनंतर दान केलेल्या देहातील मणका किंवा त्यातून कापलेला लहान दंडगोल घेतात. तो सलाइनने ओला ठेवतात, कारण कोरडे हाड वेगळे वागते. क्ष-किरण ज्यातून सहज पार होतात अशा प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसवून त्याला किंचित धरून ठेवण्यापुरता दाब देतात आणि पहिला स्कॅन काढतात. मग स्क्रू फिरवून तो थोडा दाबतात. हाड लगेच स्थिर होत नाही, काही मिनिटे हळूहळू सैलावत राहते. म्हणून थांबावे लागते, नाहीतर दुसरा स्कॅन हललेल्या फोटोसारखा येतो. मग दुसरा स्कॅन, पुन्हा थोडा दाब, तिसरा स्कॅन, असे हाड मोडेपर्यंत.

पुढचे काम संगणकाचे. पहिल्या स्कॅनचे तो मनातल्या मनात लहान लहान घन तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात करड्या छटांची एक विशिष्ट मांडणी असते. लग्नातील दोन समूह-छायाचित्रांत माणसे जागा बदलून उभी राहिली तरी आपण चेहऱ्यांवरून त्यांना ओळखतो, तसा तो प्रत्येक तुकडा दुसऱ्या स्कॅनमध्ये कुठे गेला हे शोधतो. जेथे छटांचा मेळ सर्वांत चांगला बसतो ती त्याची नवी जागा. अशा रीतीने हाडातील हजारो बिंदू प्रत्येकी कोणत्या दिशेने किती सरकले याचा नकाशा तयार होतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सरकणे म्हणजे स्ट्रेन नव्हे. पंढरीच्या वाटेवर दिंडी चालते, प्रत्येक वारकरी एक पाऊल पुढे टाकतो, तेव्हा सर्वजण सरकतात पण दोन ओळींतील अंतर तेच राहते. पुढची ओळ थबकली आणि मागची चालत राहिली की मधले अंतर कमी होते, चेंगरण्याचा धोका तेथे असतो. तसेच येथे, शेजारच्या दोन तुकड्यांच्या सरकण्यातील फरक म्हणजे स्ट्रेन. आणि फरकाचे गणित नेहमीच निसरडे असते, कारण दोन मोठ्या आकड्यांतील लहानशा चुका वजाबाकीत उघड्या पडतात.

किती मोठ्या, ते पाहू. समजा, स्कॅनमधील सर्वांत लहान घनकण, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, वीस मायक्रॉनचा आहे. संगणक तुकड्याची जागा व्हॉक्सेलच्या पन्नासाव्या भागापर्यंत ओळखतो असे धरू. ही कामगिरी चांगलीच म्हणावयाची. म्हणजे चूक ०.४ मायक्रॉन. एक मिलिमीटर अंतरावरील दोन तुकड्यांची तुलना केली तर दोन्हींच्या चुका मिळून स्ट्रेनमध्ये सुमारे पाच-सहाशे मायक्रोस्ट्रेनची अनिश्चितता राहते. अधिक बारकाईने पाहण्याच्या मोहाने तुकडे अर्ध्या मिलिमीटरवर आणले, तर ती किमान दुप्पट होते. हाडाच्या जाळीतील एकेक दांडी तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची! तेव्हा मोडण्याच्या बेतास आलेल्या हाडातील सात-आठ हजार मायक्रोस्ट्रेन ही पद्धत खात्रीने दाखवू शकते. चालताना होणारे काही शे मायक्रोस्ट्रेन मात्र तिच्या स्वतःच्या चुकीतच बुडून जातात. रंगीत नकाशे पाहताना हे भान सुटते. तांबड्या-निळ्या चित्रांचा मोह डॉक्टरांनाही असतोच.

म्हणूनच या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग माझ्या मते तो आहे, ज्यात काहीच केले जात नाही. हाड यंत्रात ठेवावयाचे, दाब बदलावयाचा नाही, आणि लागोपाठ दोन स्कॅन काढावयाचे. खरा स्ट्रेन शून्य आहे हे आपल्याला ठाऊक असते. तरीही संगणक काहीतरी आकडा देतो. तो आकडा म्हणजे त्या यंत्राची, त्या हाडाची आणि त्या गणिताची प्रामाणिक चूक. त्याहून लहान असलेला कोणताही 'शोध' हा शोध नव्हे. डेक्सा यंत्र चालविणाऱ्या केंद्रांनाही असाच नियम आहे. तीस रुग्णांची तपासणी दोनदा किंवा पंधरा रुग्णांची तीनदा करून आपल्या केंद्राची चूक किती ते काढावयाचे, आणि त्यावरून ठरणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त बदल झाला तरच रुग्णाची घनता वाढली किंवा घटली असे म्हणावयाचे. हा हिशेब आपल्याला अहवालावर किती वेळा छापलेला दिसतो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

क्ष-किरणांचाही एक उपद्रव आहे. अतिसूक्ष्म प्रतिमांसाठी सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्रातील प्रखर क्ष-किरण वापरतात. तेथे नमुन्याला मिळणारी मात्रा रुग्णाच्या सी.टी.प्रमाणे मिलिग्रेमध्ये न मोजता किलोग्रेमध्ये मोजावी लागते. अस्थिपेढीत कलम निर्जंतुक करण्यासाठी २५ किलोग्रे ही मात्रा प्रचलित आहे, हे अस्थिशल्यचिकित्सकांना ठाऊक आहे. बर्कली येथील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, याच्या कित्येक पट मात्रा साठत गेली की हाड ठिसूळ होत जाते. म्हणजे पाहण्याच्या क्रियेनेच हाड बदलते! त्यामुळे स्कॅनची संख्या आणि वेळ मोजून मापून ठरवावी लागते.

एवढ्या मर्यादा सांभाळून हाती काय लागले? आमच्या काकूंच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय काम बोस्टन विद्यापीठातील एलिस मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. त्यांनी संपूर्ण मणके टप्प्याटप्प्याने दाबून प्रत्येक टप्प्याला स्कॅन केले. मणका दबतो तो सगळा एकसारखा दबत नाही. बहुधा सुरुवात मणक्याच्या वरच्या पातळ पृष्ठापाशी, ज्याला आपण एंडप्लेट म्हणतो, तेथे आणि तिच्या लगतच्या जाळीत होते. एंडप्लेट आत खचली की मणक्याची भार पेलण्याची ताकद एकदम घसरते. त्या एंडप्लेटवर भार कसा पडणार, हे वरच्या चकतीच्या प्रकृतीवर अवलंबून असते. चकती तरुण व पाणीदार असेल तर भार एका रीतीने वाटला जातो, झिजलेली असेल तर दुसऱ्या रीतीने. डेक्सा अहवालातील एकाच सरासरी आकड्यात यांतील काहीच उतरत नाही. टी-स्कोअर उणे २.५ च्या अलीकडे असलेल्या स्त्रियांतही मोठ्या संख्येने फ्रॅक्चर होतात, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असावे.

या पद्धतीचा दुसरा उपयोग परीक्षकाचा आहे. रुग्णाच्या साध्या सी.टी.वरून संगणकात मणक्याची प्रतिकृती उभी करून तिच्यावर गणिती भार घालावयाचा आणि ती किती भाराला मोडेल हे काढावयाचे, अशा पद्धती काही देशांत रुग्णसेवेत आल्या आहेत. मणका एकूण किती भार सोसेल हे त्या बऱ्यापैकी सांगतात. परंतु तो आत कुठे मोडेल याचे त्यांचे भाकीत जेव्हा प्रत्यक्ष मोजलेल्या नकाशाशेजारी ठेवले गेले, तेव्हा ते कित्येकदा चुकले. चूक विशेषतः चकतीकडून येणारा भार सोपा करून धरल्यामुळे होती. असे प्रत्यक्ष मापन नसते, तर गणिताने दिलेले सुंदर चित्र आपण निमूटपणे खरे मानले असते.

जिवंत रुग्णात ही पद्धत का आणता येत नाही, हे आता वेगळे सांगावयास नको. मणक्याच्या नेहमीच्या सी.टी.त व्हॉक्सेल तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा असतो, जाळीतील दांडी त्याहून बारीक. रुग्ण श्वास घेतो, हलतो. आणि मुख्य म्हणजे, मणका मोडण्याइतका भार आपण त्याच्यावर घालू शकत नाही, घालूही नये. मनगट आणि घोटा यांच्यासाठी ६१ मायक्रॉनपर्यंत पाहणारी यंत्रे आली आहेत. तेथे थोडी आशा आहे, पण ती यंत्रेही मुख्यत्वे संशोधन केंद्रांतच आहेत. मऊ ऊतींचे चित्र अधिक उजळ आहे, कारण तेथे स्ट्रेन मोठा असतो. एम.आर.आय.मध्ये हृदयाच्या स्नायूवर चुंबकीय रेघा आखून त्यांची हालचाल पाहण्याचे तंत्र १९८८ सालीच निघाले आहे.

काही आठवड्यांनी काकू तपासणीस आल्या, तेव्हा चिरंजीवांना मी हे सर्व जमेल तसे सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "मग हे आमच्या कास्टिंगला चालेल का?" मी म्हटले, आत नक्षी असेल तर चालेल. अगदी एकजिनसी धातूत संगणकाला ओळखावयास काहीच सापडत नाही. पण एस. जी. आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या असतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००९ साली त्याच गोळ्यांना खुणा मानून, लोखंडाच्या छोट्या नमुन्यात भेग आतून कशी उघडते-मिटते हे याच पद्धतीने मोजले आहे. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. रोज सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोळ्या तपासणे हेच त्यांचे काम!

मग ते थोडे थांबून म्हणाले, "म्हणजे आईचा जुना सी.टी. असता आणि आज दुसरा काढला असता, तर दोन्हींची तुलना करून कळलं असतं?" हा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. त्या दोन स्कॅनमधील फरक भाराने पडलेला नसता. मधल्या काळात हाड झिजले, नव्याने भरले आणि शेवटी मोडले, त्याचा तो फरक झाला असता. स्ट्रेन मोजावयाचा तर हाड तेच राहावे आणि फक्त भार बदलावा लागतो.

काकूंच्या बाबतीत निर्णयासाठी यांपैकी कशाचीच गरज नव्हती. बादली उचलताना मणका मोडला, हेच निदान. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मणक्याचे नवे फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचात एकीला पुढील वर्षभरातच दुसरे झाल्याचे आढळले होते. त्यामुळे टी-स्कोअर उणे १.९ असूनही रक्त तपासण्या करून, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढून, औषधोपचार ताबडतोब सुरू केला. चिरंजीवांनी मागील दारच्या टाकीला कमरेच्या उंचीवर नळ बसवून घेतला आहे.